वाळूचा सातबारा

नगर जिल्ह्यात जमिनीचं भांडण बांधावरून होतं. कुणी बांध कोरतो, कुणी हद्दीचा दगड सरकवतो, कुणी सामाईक विहिरीची पाळी चुकवतो. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी नोकरी गेली ती बहुतांशी या भांडणांच्या मधोमध उभं राहून. घर सावेडीत, भिस्तबाग चौकाच्या पलीकडे. इथल्या ज्वारीच्या रानांचे बिगरशेती प्लॉट पडताना मी पाहिले, काहींच्या हद्दी मीच कायम केल्या. मधली काही वर्षं बदलीने मालवण तालुक्यात काढली. तिथलं देवबाग हे गाव डोक्यातून जात नाही, कारण त्या गावाची एक हद्द दिवसातून दोनदा हलते.

मालवणहून दक्षिणेला निघालं की तारकर्ली, आणि तारकर्लीच्या पुढे रस्ता संपेपर्यंत देवबाग. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्रीतून आलेली कर्ली नदी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत चालत जायला पाच-दहा मिनिटं पुरतात. टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे दिसतं. या पट्टीवर माड, माडांखाली घरं, घरांच्या आडोशाला होड्या आणि जाळी. गावचा नकाशा पश्चिमेकडे ‘समुद्र’ एवढा एकच शब्द लिहून संपतो. गावाची निम्मी कमाई मात्र त्या शब्दाच्या पलीकडची.

पहिल्यांदा एका वाडीत पोटहिस्स्याच्या मोजणीला गेलो, तेव्हा सातबाऱ्यावरची नावं वाचतानाच दमछाक झाली. आपल्याकडे गट नंबर असतात, तिकडे सर्व्हे नंबर आणि त्याखाली हिस्सा नंबर. क्षेत्र काही गुंठ्यांचं, आणि त्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावं, आणे-पैच्या हिश्श्यांसह. त्यातले निम्मे गिरणीच्या काळात मुंबईला गेलेले. त्यांची मुलं गणपतीला आणि मे महिन्यात येतात, पंधरा दिवस राहतात आणि परत जातात. वाटणी कुणी करत नाही, पण कुठला माड कुणाचा हे प्रत्येकाला ठाऊक असतं. जमीन सामाईक, माड मात्र ज्याचा त्याचा. मी टेप धरून उभा असताना घरातली म्हातारी पडवीतून म्हणाली, “साहेबानू, माड मोजा. वाळू कित्याक मोजतास?”

तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. चांगला वाढलेला माड वर्षाला साठ-सत्तर, कधी शंभरापर्यंत नारळ देतो. दर दीड-दोन महिन्यांनी पाडेली येतो, झाडावर चढून नारळ उतरवतो, मजुरी घेतो. चुडतं वळून झाप होतात, सोडणं चुलीत जातात किंवा काथ्याला. दहा-बारा माड म्हणजे घराला वर्षभर हाताशी राहणारा थोडा पैसा, आणि तोही पावसाळ्यात, जेव्हा समुद्र बंद असतो. जून आणि जुलै असे दोन महिने राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ते दोन महिने हातात माड, सुकी मासळी आणि दुकानदाराची उधारी.

खरी मालमत्ता मात्र माडाचीही नव्हे. ती जाळ्यातल्या वाट्याची, आणि ती कुठल्याच सातबाऱ्यावर नाही.

रापण मी पहिल्यांदा पाहिली ती ऑक्टोबरच्या एका सकाळी. लांबलचक जाळं होडीत रचतात. एका दोराचं टोक किनाऱ्यावर काही माणसांच्या हाती राहतं, होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि बऱ्याच अंतरावर दुसरं टोक घेऊन किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून ओढ सुरू होते. पंचवीस-तीस माणसं एका बाजूला, तेवढीच दुसऱ्या बाजूला, टाचा वाळूत रोवलेल्या. काम काही तास चालतं. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात, आणि शेवटी जाळ्याचं पोट उथळ पाण्यात येतं तेव्हा आत तारली, पेडवे, बांगडे उसळत असतात. पूर्वी हे दोर काथ्याचे आणि जाळं सुताचं असे, आता सगळं नायलॉनचं. बाकी पद्धत तीच.

या जाळ्याचा मालक कोण? एकटा कुणीच नाही. रापणीचा संघ असतो. जाळ्यात माणसांचे वाटे, होडीचा वाटा वेगळा, देवाचाही काही काढून ठेवतात. मला कळली ती पद्धत अशी, की जाळ्याचा तुकडा ज्या घराचा, त्या घराचा त्यात वाटा, आणि ओढणाऱ्या हातांचा वेगळा. माझ्या ओळखीच्या एका घरातला कर्ता माणूस वारला. बाईला समुद्रावर जाता येत नव्हतं, मुलगा शाळेत. तरी जाळ्यातला तिचा भाग राहिला आणि त्याचा वाटा घरी पोचत राहिला. कागद नाही, नोंदणी नाही, वारस तपास नाही. हक्काच्या कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगताना आजही भरून येतं. सरकारी दफ्तरात वारसाची नोंद व्हायला जेवढा काळ जातो, त्याच्या आत त्या वाळूवर तिचा हक्क मान्य झाला होता.

वाटणीनंतरची गोष्टही महत्त्वाची आहे. मासा किनाऱ्यावर आला की पुढचा कारभार बायकांचा. लिलावात बोलायचं, पाटी उचलायची, मालवणच्या बाजारात बसायचं, उरलेलं मीठ लावून सुकवायचं, आलेल्या पैशातून आधी दुकानदाराची उधारी आणि मग मुलांची फी. किनाऱ्यावरच्या घरातली रोकड बहुधा बाईच्या हातून फिरते. माझ्या मोजणीच्या नोटिसा पुरुषांच्या नावे निघत. मोजणीची फी कुठून आली हे विचारलं की उत्तर घरातल्या बाईकडे बोट दाखवून मिळे.

सामाईक विहिरीवर वाढलेल्या नगरकराला ही व्यवस्था परकी वाटू नये. आपल्याकडे सातबाऱ्यावर विहिरीत चार आणे हिस्सा अशी नोंद असते, आणि पाळीने पाणी घेतलं जातं. पाणी कुणाच्या मालकीचं नसतं, पाळी असते. मग शेजाऱ्याने पाचशे फूट बोअर मारली की सगळ्यांच्या विहिरी कोरड्या, आणि सातबाऱ्यावरचे चार आणे कोरडेच राहतात. देवबागच्या समुद्रात नेमकं हेच घडलं. बोअरच्या जागी पर्ससीन आली. मोठी यांत्रिक नौका खोल पाण्यातच माशांच्या थव्याला जाळ्याने चहूबाजूंनी वेढते आणि खालून तोंड आवळून सगळा थवा एकदम उचलते. जो थवा किनाऱ्याकडे यायचा आणि रापणीत पडायचा, तो वाटेतच संपतो. रापण ओढणारे शंभर हात किनाऱ्यावर बसून राहतात.

या भांडणाला कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींच्या आधारे 5 फेब्रुवारी 2016 रोजी शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने, परवाने कमी करत न्यायचे. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी केली. गोव्यात याआधीच, सत्तरच्या दशकात, रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठा लढा उभारला होता. माथानी साल्ढाणा त्याच्या पुढे होते. त्या दबावातून तिथला 1980 चा कायदा आला. कागद आहेत. पण रात्री समुद्रात कोण कुठे जाळं टाकतंय हे बघायला गस्तीची नौका लागते, डिझेल लागतं, माणसं लागतात. सावेडीहून वीसेक किलोमीटरवरच्या हिवरे बाजारात शेतीसाठी बोअरला बंदी टिकली, कारण नियम करणारी ग्रामसभा आणि नियम मोडणारा माणूस एकाच पारावर भेटतात. समुद्रात नियम करणारा मंत्रालयात, मोडणारा दुसऱ्या बंदराचा, आणि सोसणारा तिसरीकडे. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

मासा कमी झाला तशी देवबागने दुसरी वाट धरली. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचं निवास आलं, स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र आलं. देवबागच्या टोकाशी डॉल्फिन बघायच्या फेऱ्या, पॅरासेलिंग, आणि घरोघरी न्याहारी-निवास. पर्यटकांना नेणाऱ्या होड्यांवर बरीच मुलं मच्छीमारांचीच आहेत. सुरमईची थाळी वाढणारी बाई काल बाजारात पाटी घेऊन बसणारीच असते. मला हे पाहून बरं वाटतं. मुंबईला न जाता मुलगा गावात राहिला, ही लहान गोष्ट नाही.

पण पर्यटन आलं आणि वाळूला भाव आला. भाव आला की कागद लागतो. खोल्या बांधायला बँकेकडून कर्ज हवं तर स्वच्छ हक्क लागतो, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. मुंबई-ठाण्यात विखुरलेल्या वीस-पंचवीस नावांच्या सह्या कशा मिळवायच्या? हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचे हक्कही समान झाले. ते न्यायाचंच झालं, पण यादी लांबली. ज्याचं खातं सुटसुटीत, त्याचं घर दोन मजल्यांचं होतं. ज्याच्या खात्यावर पणजोबा आहेत, तो शेजाऱ्याच्या होडीवर रोजाने जातो. रापणीत दोघांचा वाटा सारखा होता.

2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. त्याची चाचणी आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी झाली होती. देशावरच्या गावाला तिचा मोठा उपयोग आहे, कारण घरं गावठाणात दाटीने असतात. कोकणात घरं वाड्यांमधून, शेतजमिनीवर, माडांखाली विखुरलेली असतात. गावठाणाच्या रेषेबाहेरच्या घराला ती पत्रिका कशी मिळणार?

त्यावर किनारा नियमन, म्हणजे सीआरझेड. 19 फेब्रुवारी 1991 ची पहिली अधिसूचना, मग 2011 ची, मग 18 जानेवारी 2019 ची. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. 2019 नंतर जिथे दर चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त वस्ती आहे, तिथे हे अंतर 50 मीटरवर आलं. विरळ वस्तीच्या गावांना 200 मीटर कायम. स्थानिकांनी असलेल्या घरातच, जोतं न वाढवता, पर्यटक ठेवायला मुभा आहे. नियमाचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण दोन्ही बाजूंनी पाणी असलेल्या पट्टीवर 200 मीटर मागे जायचं तर माणूस नदीत जाईल.

शिवाय ही रेषा स्थिर नाही. देवबागची वाळू दर पावसाळ्यात कुठेतरी खचते, माड मुळांसकट आडवे होतात. किनाऱ्याला काळ्या दगडांचा बंधारा घातलाय, तरी पाणी वाट काढतं. मे 2021 च्या तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची कितीतरी छपरं आणि बागा नेल्या. पाण्याने जमीन वाहून नेली तर तिचा आकार, म्हणजे शेतसारा, कमी करण्याची तरतूद महसूल संहितेत आहे, पण कोकणातल्या गुंठ्यांचा आकार मुळात पैशांत मोजावा असा, त्यासाठी अर्ज कोण करणार? म्हणून सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्ण आणि जागेवर लाटा, असे तुकडे मी स्वतः मोजले आहेत. मोजले म्हणजे हद्दीची खूण जिथे पडायला हवी तिथे कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. सोबतच्या खातेदाराने विचारलं, “भरतीची रेषा रोज बदलता, तुमी खयची धरतलात?” खात्याकडे याचं उत्तर आहे, ठरावीक भरतीरेषेचं. त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

समुद्र एकीकडे नेतो आणि दुसरीकडे देतो. कर्लीच्या मुखात वाळूचा एक उंचवटा आहे, ओहोटीला तो पाण्याबाहेर येतो. लोक त्याला सुनामी आयलंड म्हणतात. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीनंतर तो वर आला असं गावात सांगतात. आज तो पर्यटकांनी गजबजलेला असतो. कायद्याने तो सरकारचा.

ती सुनामी जिथून उठली, त्या इंडोनेशियातल्या आचे प्रांताबद्दल मी निवृत्तीनंतर बरंच वाचलं. गावं आपल्या कोकणासारखीच: नारळ, भात, लहान होड्या. उलांडी लावलेल्या होड्यासुद्धा तशाच. आपल्या होडीच्या बाजूला जी लाकडी उलांडी असते तिचं मूळ त्या बेटांकडे असावं, असं जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाने 1920 साली मांडलं होतं. आचेमध्ये प्रत्येक खाडीला एक ‘पांग्लिमा लाओत’ असतो, समुद्राचा पाटीलच म्हणा. जाळं कुणी कुठे टाकायचं, थवा आधी कुणी पाहिला, भांडण झालं तर निवाडा काय, हे तो रूढीप्रमाणे ठरवतो. शुक्रवारी समुद्रावर जायचं नाही. सुनामीनंतर 26 डिसेंबरलाही जायचं नाही. सुलतानांच्या काळापासूनचं हे पद 2006 च्या आचेविषयक कायद्यात नावानिशी नोंदलं गेलं. त्याच देशात 1964 चा एक कायदा आहे: शिडाच्या होडीवर खर्च वजा जाता किमान 75 टक्के आणि यांत्रिक नौकेवर किमान 40 टक्के वाटा खलाशांना. रापणीचा वाटा जणू कायद्यात लिहिलेला.

उलटी उदाहरणंही तिथलीच. 2007 साली किनाऱ्यालगतचं पाणी कंपन्यांना मुदतीच्या हक्काने देण्याचा कायदा झाला. मच्छीमार संघटना न्यायालयात गेल्या आणि 2011 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते हक्क रद्द केले. तरी जानेवारी 2025 मध्ये जकार्ताजवळ तांगेरांगच्या किनाऱ्यावर समुद्रात सुमारे 30 किलोमीटरचं बांबूचं कुंपण सापडलं, आणि चौकशीत कळलं की आतल्या पाण्यावर बांधकाम-हक्काची 263 प्रमाणपत्रं निघाली होती. समुद्राच्या पाण्यावर मिळकत पत्रिका! पुढे ती रद्द करायला सुरुवात झाली. ते कुंपण हटेपर्यंत मच्छीमार लांबून वळसा घालून जात राहिले, कारण त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

आपल्या कायद्यात रूढी लिहायची जागा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 165: वाजिब-उल-अर्ज. गावोगावच्या वहिवाटी, पाण्याचे हक्क, रस्त्याचे हक्क, आणि मासेमारीचे हक्क नोंदवायचं पुस्तक. पण अट अशी की जमीन वा पाणी सरकारच्या मालकीचं नसावं. आणि कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्राचा तळ सरकारचा. म्हणजे ज्या पाण्यावर शेकडो घरं जगतात, नेमक्या त्याच पाण्याची वहिवाट त्या पुस्तकात बसत नाही.

दुसरी एक जागा मात्र आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. 2011 च्या किनारा अधिसूचनेत म्हटलं आहे की किनारा व्यवस्थापनाच्या गावपातळीच्या नकाशांवर मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवायच्या जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने दाखवायचे, आणि मच्छीमारांच्या घरांच्या दीर्घकालीन गरजेचा आराखडा करायचा. असे नकाशे आमच्यासारख्या मोजणीवाल्यांच्या आवाक्यातले आहेत. रापण कुठून कुठपर्यंत ओढली जाते, पावसाळ्यात होड्या कुठे चढवतात, कुठल्या पाखाडीने समुद्रावर जायचं, हे एकदा सर्व्हे नंबरासह नकाशावर आलं, की उद्या तिथे कुंपण घालणाऱ्याला आधी त्या नोंदीला उत्तर द्यावं लागेल. हा वाट्याचा मालकी हक्क नव्हे. पण सध्या आहे त्या रिकाम्या जागेपेक्षा फार मोठा आधार आहे.

या जागांची यादी तहसील कचेरीत बसून होणार नाही. मसुदा नकाशे जनसुनावणीला येतात, त्याआधी ग्रामसभेने ती करून ठेवायला हवी. मोजणीच्या वेळी पंच म्हणून आम्ही जवळजवळ नेहमी पुरुषांना बोलावत असू. होड्या कुठे लागतात ते पुरुष सांगतील. पण सुकवणीच्या जागा, लिलावाच्या जागा, पाटी घेऊन रस्त्यापर्यंत जायच्या पायवाटा बायकांना ठाऊक असतात, आणि खाजगी फाटक लागून त्यातली कुठली बंद झाली हेही. देवबागच्या नकाशाला हात लावायच्या आधी त्यांना घेऊन किनाऱ्यावरून एकदा चालायला हवं, ओहोटी असताना, टोकापासून तारकर्लीपर्यंत.